चार नंबरच्या गेटातली रांग

टीव्हीवरच्या रेजिना वॉयटासने दोन्ही हातांनी तोंड झाकून "अरे देवा" म्हटलं, तेव्हा हॉलमध्ये बसलेली सतरा माणसं एकदम मागे वळली. खरी रेजिना शेवटच्या टेबलाशी बसून सॉसेजला मोहरीची चटणी लावत होती. तिने मान वर केली नाही.

पडद्यावर गॅरेजचं शटर वर गेलं. धूर सोडलेला होता. त्या धुरातून तिच्या गेलेल्या नवऱ्याची, एडी वॉयटासची, सत्तर सालची स्टॅलियन बाहेर आली. म्हणजे, सूत्रसंचालक तसं सांगत होता म्हणून मानायचं. दोन दारांची, लांब नाकाची, सिग्नलला नुसती उभी असली तरी शेजारच्या दुकानाच्या काचा थरथरवणारी ही गाडी डेट्रॉइटच्या ह्याच वस्तीतल्या कारखान्यात तयार झाली होती, आणि पन्नासाहून जास्त वर्षांत तिच्यावर रंगाचा दुसरा हात फिरला नव्हता. शेवाळी हिरवी होती ती. आता लिंबासारखी पिवळीधमक दिसत होती. चाकं मोठी, खुर्च्या नव्या, क्लचचं पेडल गायब. दोन्ही दंड गोंदवून घेतलेला सूत्रसंचालक ओरडला, "दहा दिवसांत नवीकोरी!" कार्यक्रमाचं नावही तेच होतं.

नॉर्बने टीव्ही बंद केला. माजी सैनिकांच्या ह्या हॉलमध्ये 'चार नंबर गेट क्लब' दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी जेवायला जमायचा, आणि एरवी तिथे एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जात नसे. आज मात्र काट्याचा आवाज फक्त रेजिनाच्या ताटातून येत होता.

"हा खून आहे," डॉक्टर लॅनिंग म्हणाले.

लॅनिंग दातांचे डॉक्टर. निवृत्त झालेले, तलावाकाठच्या भारी वस्तीत राहणारे, आणि गेली नऊ वर्षं क्लबचे अध्यक्ष. कारखाना चालू होता तेव्हा त्यांनी त्याचं धुराडंही जवळून पाहिलेलं नव्हतं. पण स्टॅलियन ज्या दिवशी कारखान्याबाहेर पडली त्या दिवशी ती नेमकी कशी दिसत होती, हे त्यांच्याइतकं ह्या देशात कोणाला माहीत नव्हतं, निदान त्यांचं म्हणणं तरी तसं होतं. लिलावात घेतलेली आपली गाडी त्यांनी तशीच करून ठेवली होती, एकेका स्क्रूवरच्या गंजासकट.

"खून कसला?" नॉर्ब म्हणाला. त्याची सगळी नोकरी शहराच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. "तीन वर्षं गॅरेजमध्ये मेल्यासारखी पडली होती. आता चालतेय. चालते ती गाडी, डॉक्टर. न चालणाऱ्या वस्तूला कपाट म्हणतात."

"उद्या तू चर्चमधल्या जुन्या मूर्तीलाही चाकं लावशील."

"लावीन की. मिरवणुकीत खांदे तरी दुखणार नाहीत."

चारदोन जण हसले. लॅनिंग हसले नाहीत. "नॉर्ब, नवा रंग कधीही देता येतो. उद्याही देता येईल, शंभर वर्षांनीही देता येईल. मूळ रंग एकदाच असतो. तो घासून काढला की ती गाडी कोणत्या हातांनी, कशी बनवली, हे सांगणारं जगात काही उरत नाही. कारखाना पाडला. कागद जाळले. ह्या गाड्याच तेवढ्या साक्षीला आहेत, आणि त्यातल्या एका साक्षीदाराची जीभ त्या गोंदवलेल्या माकडाने आज कापली."

हे रेजिनाला पटलं. माणूस चुकीच्या जागी उभा राहून बरोबर बोलतो तेव्हा फार पंचाईत होते. टीव्हीवाल्यांनी जुनी मागची सीट उपटून कचऱ्याच्या डब्यात भिरकावली, तेव्हा तिलाही ते पाहवलं नव्हतं. पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि आता तर मुळीच सांगणार नव्हती.

मग सगळ्यांना तिची कीव यायला लागली. बिचारीला फसवलं म्हणे. तिची मुलगी मार्सी, तिनेच परस्पर अर्ज केला असणार. पोरांना बापाच्या वस्तूची काय किंमत. कोणी म्हणालं कोर्टात जा, कोणी म्हणालं चॅनेलला पत्र लिहू. चेस्टर उठून तिच्याजवळ आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. चेस्टर पिओत्रोव्स्की म्हणजे एडीचा जिवाभावाचा दोस्त. कारखान्यात रंगखात्यात होता. क्लबमध्ये त्याला मान मोठा, कारण उरलेल्या सभासदांत खुद्द कारखान्यात रंगाचा पिचकारा हातात धरलेला तो एकटाच.

"मनाला लावून घेऊ नकोस, रेजिना," तो हळूच म्हणाला. "ह्यात तुझा काही दोष नाही."

"कसला दोष? अर्ज मीच केला."

हे तिने काही मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण हॉल शांत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"पण तू तर टीव्हीवर केवढी दचकलीस," चेस्टर म्हणाला.

"तीनदा दचकले. पहिली दोन दचकणी त्यांना पसंत पडली नाहीत."

नॉर्बला ठसका लागला. लॅनिंग सावकाश चालत तिच्या टेबलापाशी आले. ते सगळ्यांशीच अदबीने बोलत. रेजिनाशी जरा जास्तच, कारण एडीच्या मागे ही गाडी आपल्याला विकावी असं त्यांनी तिला दोनदा सुचवलं होतं. "रेजिना, का केलंत तुम्ही असं? नीट झाकून ठेवली असतीत, तर संग्रहालयाने हात जोडून नेली असती."

"झाकूनच ठेवली होती. अट्ठेचाळीस वर्षं मी तिच्यात उजवीकडे बसले, डॉक्टर. एडी गाडी चालवायचा आणि मी नकाशा धरायची. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी म्हटलं, मला एकदा चालवू दे. तर म्हणाला, तुझे पाय क्लचला पोचत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाला, स्टीअरिंग जड आहे, बायकांचं काम नाही. नंतर मी विचारायचं सोडलं." तिने सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला आणि नीट चावून खाल्ला. "चांगला होता माझा नवरा. त्याच्याबद्दल वावगं ऐकून घेणार नाही. पण ह्या बाबतीत गाढव होता. तो गेल्यावर मी किल्ली घेतली आणि गाडी बाहेर काढली. पाय खरंच पोचत नव्हते. खांदाही आता पहिल्यासारखा राहिला नाही. शेजाऱ्यांचे कचऱ्याचे तीन डबे आडवे केले आणि परत आत लावली. म्हणजे एडीचं खरं ठरलं. ते मला सहन झालं नाही."

"मग विकायची," कोणीतरी म्हणालं.

"का विकायची? माझी आहे. त्या टीव्हीवाल्याला गाडी काळी करून वर ज्वाळा काढायच्या होत्या. मी म्हटलं, ज्वाळा तुझ्या दंडावर काढ. स्टीअरिंग हलकं कर, सीट उंच कर, आणि रंग असा दे की मी येतेय हे दोन चौकांवरून कळलं पाहिजे. एका गोष्टीसाठी केलं मी हे सगळं. पुढच्या रविवारी पहिली गाडी मी चालवत नेणार आहे."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की घोडं कुठे पेंड खातंय.

जूनच्या दुसऱ्या रविवारी कारखान्यात बनलेल्या गाड्या कारखान्यात परत जात. कारखाना नव्हताच, चार नंबर गेटचे विटांचे दोन खांब उभे होते आणि आत मैलभर गवत. तरी वस्तीतली अर्धी माणसं खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसत. रांगेत पहिली जागा एडीच्या गाडीची. बावीस वर्षं कोणी त्यावर प्रश्न काढला नव्हता, कारण नवी घेतल्यापासून एकाच घरात राहिलेली ती एकच गाडी होती. त्यातली एकोणीस वर्षं, एडी होता तोवर, रेजिना त्या पहिल्या गाडीत उजवीकडे बसून लोकांना हात हलवत आली होती; तो गेल्यावर तीन वर्षं ती जागा रिकामी ठेवली होती.

लॅनिंग यांनी कोटाच्या खिशातून क्लबची निळी नियमपुस्तिका काढली. ती त्यांनीच लिहिलेली होती. "पहिलं वाक्य," ते म्हणाले. "चार नंबर गेटातून जे जसं बाहेर पडलं, तेच तसंच आत जाईल. हा नियम तुमच्याविरुद्ध केलेला नाही, रेजिना. एडीने त्यावर सही केली आहे. तुमच्या गाडीतलं आता काय शिल्लक आहे? इंजिन, दारं, छप्पर आणि नंबराची पट्टी. रंग गेला. डिकीच्या झाकणाखालचे तीन ओघळ गेले. आणि ती मागची सीट," इथे त्यांचा आवाज खरोखरच भरून आला, "डाव्या घडीची सीट. देशात अशा सात उरल्या होत्या. तुमच्यामुळे आता सहा."

"डाव्या घडीची म्हणजे?" रेजिनाने विचारलं.

"तुमच्याच गाडीत होती की. सीटच्या कोपऱ्यावर रेक्झीनची घडी इतर गाड्यांत उजवीकडे वळते. सत्तरच्या वसंतात निघालेल्या काही मोजक्या गाड्यांत ती डावीकडे वळलेली सापडते. मी सहा वर्षं ह्याचा शोध घेतला. माझं अनुमान असं की ती खास गिऱ्हाइकांसाठी राखलेली तुकडी असावी, आणि ओळख पटावी म्हणून घडी मुद्दाम तशी ठेवली असावी. पान अकरावर आहे. परीक्षणात त्याला दहा गुण आहेत. मी माझ्या गाडीची घडी उसवून डावीकडे करून घेतली, ती त्याच तुकडीतली आहे हे नंबरावरून कळल्यावर."

रेजिनाने काटा खाली ठेवला. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती हसली. रुमालाने डोळे पुसावे लागले इतकी हसली. ह्या माणसाने सुतावरून स्वर्ग गाठला होता आणि ते सूत तिचं होतं.

"डॉक्टर, मी डावखुरी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती खास तुकडी मी आहे. मी नऊ वर्षं होते शिलाईखात्यात. सत्तरच्या फेब्रुवारीत मला मागच्या सीटच्या मशीनवर बसवलं. उजव्या हाताची बाई कोपरा असा धरते आणि घडी अशी पाडते." तिने टेबलावरचा कागदी रुमाल उचलून उजवीकडे दुमडला. "मी अशी." तिने तो डावीकडे दुमडला. "सुपरवायझर रोज ओरडायचा. म्हणायचा, वॉयचिक, घडी उलटी आहे. माहेरचं आडनाव माझं. मी म्हणायची, बसणाऱ्याच्या बुडाला कळत नाही. जूनमध्ये त्याने मला डोक्याच्या उशांवर टाकलं, तिथे घडीच नसते. तुमचा वसंत तिथे संपला."

कोणी हसलं नाही. रेजिनाला वाटलं होतं की निदान नॉर्ब तरी हसेल. पण तिथल्या सहा जणांनी आपापल्या गाडीची घडी पान अकरा वाचून उलटी करून घेतली होती, आणि नॉर्बचा मेहुणा त्यातलाच एक होता.

"हे तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?" लॅनिंग म्हणाले.

"मला कोणी विचारलं? मी इथे दर महिन्याला बटाट्याचं सॅलड घेऊन येते. तुम्ही लोक कारखान्यात काय व्हायचं ह्यावर तासन्‌तास बोलता, आणि सॅलड छान झालंय म्हणता."

लॅनिंग यांचा चेहरा पडला होता, पण हार मानणारे ते गृहस्थ नव्हते. "तुमच्या शब्दाचा अनादर नाही. पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. चेस्टर, तू तिथे होतास. घडीवरून ओरडा झाल्याचं तुला आठवतं?"

चेस्टरला आठवत होतं. न आठवून सांगतो कोणाला. रोजचा डबा तो, एडी आणि रेजिना असे तिघं कारखान्यात एकत्र खात, आणि सुपरवायझरच्या शिव्यांची नक्कल चेस्टरच उत्तम करायचा. रेजिनाने त्याच्याकडे पाहिलं. चेस्टरने बिअरच्या ग्लासात पाहिलं.

"आमचं खातं तिसऱ्या मजल्यावर होतं," तो म्हणाला. "शिलाईतलं मला काय ठाऊक."

त्याच्या मनात काय चाललंय ते तिला कळलं. डिकीखालचे तीन ओघळ, मधला लांब आणि बाजूचे दोन आखूड. लॅनिंग यांनी त्यांच्यावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं, आणि चेस्टरने त्यांना सांगितलं होतं की पिचकारा तसा फिरवणं ही रंगखात्याची खास पद्धत होती. क्लबच्या पुस्तिकेत 'रंगाचे सल्लागार' म्हणून त्याचं नाव छापलेलं होतं. ते ओघळ का पडत, हे एडीने रेजिनाला कधीच सांगितलं होतं. ती आत्ता बोलली असती तर चेस्टरची तिथल्या तिथे शोभा झाली असती. ती बोलली नाही. राग तिला भयंकर आला होता, पण ज्याचं त्याने बोलावं.

मत घेतलं. रेजिनाच्या गाडीला रांगेत घेऊ नये, म्हणून अकरा हात वर झाले. घ्यावी, म्हणून पाच. चेस्टरचा हात दोन्ही वेळा टेबलाखाली होता. लॅनिंग यांनी पाहुण्यांच्या गाड्यांत, सावलीची एक जागा तिच्यासाठी राखून ठेवायची तयारी दाखवली. ते त्यांनी मनापासून म्हटलं आणि त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

"सावलीची गरज नाही," रेजिना म्हणाली. "पिवळा रंग उन्हात चांगला दिसतो." सॅलडचं भांडं तिने अर्धं भरलेलंच उचलून घरी नेलं. हे ह्याआधी कधी झालं नव्हतं, आणि काहींना मतापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तो सगळा आठवडा ती फोनवर होती. मार्सीला वाटलं आई रडत असेल. ती बघायला आली तर आई वहीत नंबर उतरवून घेत होती. "मॉम, सोड ना," मार्सी म्हणाली. "एका रांगेसाठी एवढं काय?" रेजिना म्हणाली, "तू जन्मापासून गाडी चालवतेस. तुला नाही कळायचं." आणि तिने पुढचा नंबर फिरवला. काही नंबर लागले नाहीत. दोघीतिघींच्या घरून कळलं की त्या आता नाहीत. एकीच्या मुलाने सांगितलं, आई आता कोणाला ओळखत नाही. तरी रेजिनाने वहीतली शेवटची ओळ येईपर्यंत फोन खाली ठेवला नाही.

रविवारी सकाळी दहाला चर्चची प्रार्थना सुटली आणि गाड्या चार नंबर गेटासमोर लागायला लागल्या. सगळ्यांत पुढे लॅनिंग यांची स्टॅलियन, तिच्यामागे चेस्टरची, तिच्यामागे बाकीच्या चौदा. रस्त्याच्या कडेला खुर्च्या लागल्या होत्या, कोणी सॉसेज भाजत होतं, बँडवाले टोप्या ठीक करत होते. तेवढ्यात दोन चौकांवरून पिवळं काहीतरी येताना दिसलं.

रेजिनाने गाडी पाहुण्यांच्या बाजूला वळवली नाही. रांगेला वळसा घालून ती सरळ लॅनिंग यांच्या गाडीच्या पुढे आली आणि दोन खांबांच्या तोंडाशी थांबली. लॅनिंग पॅड हातात घेऊन चालत आले. त्यांनी पांढरा कोट घातला होता. तिने काच खाली केली.

"रेजिना," ते म्हणाले, "मतदान झालेलं आहे."

"मी मताच्या बाहेर नाही, डॉक्टर. तुमचं ते पहिलं वाक्य जरा वाचून दाखवता?"

"तुम्हाला ते पाठ आहे."

"ह्यांना नाही ना. ह्यांना ऐकवा."

तेव्हा लॅनिंग यांनी वाकून आत पाहिलं. शेजारच्या सीटवर गुलाबी टोपी घातलेली एक जाडजूड काळी बाई मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मागे दोघी दाटीवाटीने, गुडघे हनुवटीला लावून. दोन दारांच्या गाडीत मागे शिरायला त्यांना वीस मिनिटं लागली होती आणि बाहेर कसं पडायचं ह्याचा अजून कोणी विचार केला नव्हता.

"ही युनिस टॉलिव्हर," रेजिना म्हणाली. "कापणी आणि शिलाई, अकरा वर्षं. मागे लोरेटा, दारांच्या आतलं अस्तर, सात वर्षं. ती फिलोमिना, पुढच्या सीटा, तेरा वर्षं. तुमच्या गाडीतली पुढची सीट मूळची असेल तर तिनेच शिवली असण्याचा संभव आहे, नीट बोला तिच्याशी. चार नंबर गेटातून जे बाहेर पडलं तेच आत जाईल, असं आहे ना? आम्ही चौघी ह्याच गेटातून बाहेर पडलो. रोज, साडेतीनच्या भोंग्याला. तपासून घ्या."

"जे जसं बाहेर पडलं, असं आहे ते," लॅनिंग म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, पण वाक्य त्यांनी सोडलं नाही.

"माझे दोन्ही गुडघे बदललेत," युनिस म्हणाली. "लिहून घ्यायचं असेल तर घ्या."

मागून लोरेटा म्हणाली, "ह्या साहेबांना सांग, माझे दात त्यांच्यासारख्याच कोणीतरी काढले. मूळचा एक राहिलेला नाही."

"गाडीचं तुमचं बरोबर आहे, डॉक्टर," रेजिना म्हणाली. ती आता हसत नव्हती. "ती होती तशी नाही. ती सीट फेकली तेव्हा मलाही वाईट वाटलं, ते आज तुम्हाला सांगते. पण तुम्ही रेक्झीनची घडी सहा वर्षं शोधलीत, आणि ती घालणारी बाई नऊ वर्षं तुमच्या समोर सॅलड वाढत होती. साक्षीदार पाहिजेत म्हणता ना? हे चार आहेत. ह्यांना सावलीत बसवणार असाल तर सांगा, मग मी काय करायचं ते बघते."

लॅनिंग खांबांच्या मधोमध उभे होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. ज्या वस्तूवर जीव लावला तिच्यात माणसं असतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, एवढंच. त्यांनी पॅडवरची गाड्यांची यादी पाहिली.

मागे गाडीचं दार वाजलं. चेस्टर उतरून येत होता. आठ दिवस तो झोपला नसावा असा त्याचा चेहरा होता. त्याने रेजिनाकडे पाहिलं नाही. तो लॅनिंग यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"डॉक्टर, सुपरवायझर ओरडायचा. घडी उलटी आहे म्हणून ओरडायचा. मी रोज ऐकलंय."

"त्या दिवशी तू म्हणालास..."

"त्या दिवशी खोटं बोललो. आणि ते ओघळही. खास पद्धत वगैरे काही नव्हती. रविवारी रात्री प्यायचो आणि सोमवारी माझा हात कापायचा. डिकीचं झाकण खालून कोणी बघत नाही, म्हणून मी ते सोमवारसाठी ठेवायचो. तीन ओघळ म्हणजे सोमवार, डॉक्टर. दुसरं काही नाही."

"मी ते बारीक ब्रशने काढले आहेत," लॅनिंग हळूच म्हणाले. "दोन महिने लागले मला."

"फार हुबेहूब काढलेत," चेस्टर म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं. "पुस्तिकेतलं माझं नाव काढून टाका. पण हिला आत जाऊ द्या. नाहीतर माझीही गाडी बाहेर काढतो."

नॉर्बने मागून भोंगा वाजवला. नॉर्बचं पाहून आणखी दोघांनी वाजवला. बँडवाल्यांना वाटलं सुरू करायची खूण झाली, आणि त्यांनी पोल्का नाचाची धून सुरू केली. रस्त्याकडेची माणसं उठून उभी राहिली. आता कोणी काही ठरवायचं उरलं नाही. लॅनिंग पॅड छातीशी धरून बाजूला झाले. हो म्हणाले नाहीत, पण वाट मोकळी केली, आणि रेजिनाने त्यांच्या होकाराची वाट पाहिलीही नाही. तिने पाय दाबला.

पाय पोचत होता. स्टीअरिंग एका हाताने वळत होतं. इंजिन तेच जुनं ठेवून घेतलं होतं तिने, त्या एका गोष्टीवर टीव्हीवाल्याशी तिचं दोन दिवस भांडण झालं होतं, आणि दोन खांबांच्या मधून जाताना त्याचा आवाज विटांवर आदळून परत आला तेव्हा फिलोमिनाने कानांवर हात ठेवून पोलिश भाषेत एक शिवी दिली. डाव्या खांबापाशी हात हलवायची रेजिनाची सवय होती. आज हात मोकळे नव्हते. युनिसने तिच्या वतीने हलवले. रेजिनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते एडीसाठी होतं, पण त्यात दुःख थोडंच होतं. बघ म्हणावं, पाय पोचतात.

आत गवतातून कच्चा रस्ता सरळ गेला होता. रीत अशी की पहिली गाडी जिथे थांबेल तिथे रांग थांबायची, इंजिनं बंद व्हायची, आणि मग माणसं उतरून आपापल्या आठवणी सांगत फिरायची. बावीस वर्षं रांग मोठ्या कचेरीच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी थांबत आली होती, कारण फोटो तिथे चांगला येतो. पायऱ्या अजून अर्ध्या मैलावर होत्या. रेजिनाने गाडी मध्येच हळू केली. डावीकडे गवतात काँक्रीटचा एक चौथरा होता, काही भेगा, काही रानफुलं. ह्या चौथऱ्याजवळून क्लबची रांग बावीस वेळा धूळ उडवत गेली होती आणि ते काय आहे हे पुस्तिकेच्या एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं.

"हेच का गं आपलं शिलाईखातं?" लोरेटाने मागून विचारलं.

"खिडकीकडची ओळ त्या टोकाला होती," युनिस म्हणाली. "उन्हाळ्यात भाजून निघायचो आपण."

रेजिना थांबली. मागे लॅनिंग थांबले, त्यांच्यामागे चेस्टर, आणि मग एकामागून एक सगळी रांग धूळ खात उभी राहिली. पार शेवटून नॉर्ब ओरडला, "रेजिना, पुढे घे, पायऱ्या लांब आहेत अजून."

"ठाऊक आहे," रेजिना खिडकीतून म्हणाली, आणि तिने हँडब्रेक ओढला. "आज इथेच थांबायचंय."